गॅस किटचा डबा नीट बसला, पण गॅस भरायचा कुठे? व्हॅनवाल्यांच्या प्रश्नाकडे कोण बघणार?

नोव्हेंबर 2024 मध्ये जळगाव शहरात एका ओम्नी व्हॅनमध्ये घरगुती सिलिंडरमधून गॅस भरताना भडका उडाला. दहा जण भाजले, अन् त्यातले काही पुढे उपचार सुरू असताना दगावले. गॅस भरण्याचं ते ठिकाण अवैध होतं. असं काही झालं की धाडी पडतात, मोटारी, वजनकाटे अन् सिलिंडर जप्त होतात, फोटो छापून येतात. काही दिवस शटरं खाली राहतात. मग धंदा दुसऱ्या गल्लीत किंवा गावाबाहेरच्या शेडमध्ये सुरू होतो. तालुक्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात एक गोष्ट सुटते. धाड पडते ती गॅस भरणाऱ्यावर. ज्या गाडीत गॅस भरला जात होता, तिचं किट कुणी बसवलं, ते नोंदलेलं होतं का, त्यातला कंट्रोलचा डबा कुठे होता, होता की नव्हताच, हे कुणी विचारत नाही. अन् दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. समजा एखाद्या व्हॅनवाल्याने सगळं कायद्याने केलं, मान्यताप्राप्त किट बसवलं, आरसी बुकात नोंद केली. तरी त्याने गॅस भरायचा कुठे?

व्हॅन गॅसवर का जाते

मारुतीने ओम्नी 2019 मध्ये बंद केली. पण खेड्यापाड्यांतून ती गाडी अजून हटलेली नाही. शाळेची पोरं, बाजारचे शेतकरी, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, लग्नाच्या बस्त्याला निघालेलं घर, सगळ्यांना तीच. एसटी वेळेवर असती तर गोष्ट वेगळी होती, पण दुपारच्या वेळेला आडमार्गाच्या गावात एसटीची वाट बघणारा माणूस शेवटी व्हॅनमध्येच बसतो. माणशी भाडं वाढवलं तर शिटा मिळत नाहीत. पेट्रोल शंभरी ओलांडून बसलंय. अशा हिशेबात चालक गॅसकडे वळतो, यात नवल नाही.

एलपीजीवर गाडी चालवणं मुळात बेकायदा नाही, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. केंद्राने 2000 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून त्याला वाट करून दिली अन् 2001 मध्ये वाहनांतल्या एलपीजी वापराचा स्वतंत्र आदेश काढला. खुद्द मारुतीने ओम्नी अन् नंतर वॅगन-आर कारखान्यातूनच एलपीजी किटसह विकल्या. पोलंड, तुर्कस्तान, इटली या देशांत लाखो गाड्या आजही याच इंधनावर धावतात. आपल्याकडे मिळणारे बरेचसे कंट्रोलचे डबेसुद्धा इटली अन् पोलंडच्या कंपन्यांचेच असतात. तिथे हे इंधन वर्षानुवर्षं चालतंय अन् आपल्याकडे ते बदनाम आहे. याचं कारण गॅसपेक्षा तो बसवण्याच्या अन् भरण्याच्या पद्धतीत शोधावं लागतं.

डबा करतो काय

गॅसची टाकी मागे असते. टाकीत गॅस दाबाखाली द्रव रूपात असतो. तिथून तो तांब्याच्या किंवा खास प्लास्टिकच्या नळीने पुढे इंजिनकडे येतो. वाटेत सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारा-मिटणारा दरवाजा असतो. मग येतो रिड्युसर. त्याला कुणी व्हेपोरायझर म्हणतं, कुणी नुसतंच रेग्युलेटर. रेडिएटरचं गरम पाणी त्यातून फिरवलेलं असतं, त्या उष्णतेवर द्रव गॅसची वाफ होते अन् दाब कमी होतो. पुढे गॅसचे इंजेक्टर ती वाफ मोजून मापून इंजिनात सोडतात.

हे मोजमाप करणारा म्हणजे ईसीयू. मेकॅनिक त्याला 'डबा' म्हणतात, काही जण 'कॉम्प्युटर'. तळहातात मावेल एवढा, पण त्यातून तारांचा मोठा झुपका निघतो. गाडीच्या मूळ कॉम्प्युटरने पेट्रोलचा इंजेक्टर किती वेळ उघडायला सांगितलं, ते हा डबा ऐकतो अन् गॅससाठी त्याचा हिशेब करतो. इंजिनाचे फेरे, रिड्युसरच्या पाण्याचं तापमान, गॅसचा दाब अन् उष्णता, सगळ्याची खबर त्याच्याकडे येते. म्हणून चांगलं किट असलेली गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते, पाणी पुरेसं तापलं की आपोआप गॅसवर जाते. ड्रायव्हरला ते डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचच्या दिव्यावरून कळतं, एरवी कळतही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या डब्याचं सगळ्यात मोठं काम मायलेज देणं हे नाही. इंजिन बंद पडलं, मग ते चावीने असो, अपघाताने असो की पलटी होऊन, तर फेऱ्यांचा सिग्नल तुटतो. तो तुटला की डबा काही क्षणांत टाकीजवळचा अन् पुढचा, दोन्ही दरवाजे बंद करतो. चावी चालूच राहिली तरी बंद करतो. गाडी खड्ड्यात पडलीय, पुढची नळी फाटलीय, चालक बेशुद्ध आहे, अशा वेळी गॅस टाकीतच राहतो तो यामुळे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एवढा मोठा डबा नसतो, पण तिथेही फेऱ्यांचा सिग्नल बघून गॅस तोडणारा स्विच असायलाच हवा.

कुठे बसवायचा अन् कुठे नाही

डबा महागातला घेतला अन् बसवला भलतीकडेच, तर पैसे पाण्यात. अन् 'पाण्यात' हा शब्द इथे अगदी सरळ अर्थाने घ्यावा. बहुतेक डबे पाण्याचे शिंतोडे सोसतात, पण त्यांचं तोंड, म्हणजे जिथे तारांचा मोठा कनेक्टर बसतो ते, खाली करून बसवायचं असतं. तोंड वर राहिलं तर पावसाचं किंवा धुलाईचं पाणी तारांवरून ओघळत आत शिरतं अन् पिनांना गंज लागतो. सर्व्हिस सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट बोनेटच्या आत मारून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. चकाचक दिसतं खरं. दोन दिवसांनी गाडी झटके खाऊ लागते अन् दोष गॅसला जातो.

दुसरा शत्रू उष्णता. ज्या पाइपातून जळालेला धूर बाहेर पडतो, तो इंजिनाला जिथे जोडलेला असतो त्या भागाजवळ डबा कधीच नको. रेडिएटरच्या अगदी मागे नको. जळगाव, भुसावळ, रावेर, यावल हा पट्टा एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात नेतो, कधी त्याच्याही पुढे. बोनेटखाली त्यात इंजिनाची भर पडते. थंड देशात बनलेल्या डब्याला इथला उन्हाळा सोसायचा तर जागा विचार करूनच निवडावी लागते. बोनेटच्या आत बाजूच्या पत्र्यावर, किंवा इंजिन अन् ड्रायव्हरच्या मधल्या भिंतीवर उंचावर, हवा लागेल अशी. ओम्नीत अन् ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे तिथे जागा कमी अन् उष्णता जास्त. अशा गाडीत डबा सीटखालच्या मोकळ्या कोपऱ्यात, इंजिनाच्या गरम बाजूपासून लांब, पाय लागणार नाही असा बसवावा लागतो. हे काम घाईचं नाही. तासाभरात 'किट बसवून देतो' म्हणणाऱ्याकडे म्हणूनच शंकेने बघावं.

तिसरी गोष्ट ठिणगीची. इग्निशन कॉइल अन् प्लगच्या जाड वायरी यांच्यालगत डबा किंवा त्याच्या तारा नेल्या तर त्या वायरींतला विजेचा खळखळाट सिग्नलमध्ये मिसळतो. डब्याला चुकीचे फेरे दिसतात. इंजिन बंद आहे की चालू, हेच त्याला नीट कळलं नाही, तर वर सांगितलेली सुरक्षा गेलीच म्हणायची.

अन् डबा पक्का हवा. नट-बोल्टने, पट्टीवर. प्लास्टिकच्या टायने लोंबकळत ठेवलेला डबा आपल्या रस्त्यांवर किती दिवस टिकेल, ते कुणीही सांगेल. त्याची पृथ्वीची तार, म्हणजे अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हला जावी, रंगवलेल्या पत्र्यावर कुठेतरी स्क्रूखाली दाबलेली नको. प्लसच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा. तारांचे सांधे नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले नकोत. डाग दिलेले अन् वर गरम करून आवळणारी नळी घातलेले हवेत. कारण चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात वितळतो अन् सांधा उघडा पडतो. जास्तीची तार कापून टाकण्यापेक्षा गुंडाळून बांधावी, तिच्यावर खाचांची प्लास्टिक नळी असावी. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीलगत गाडी उभी राहत असेल तर उंदीर तारा कुरतडतात. शहरातल्या फिटरच्या डोक्यात हे येत नाही, पण गावातल्या चालकाने स्वतः दर पंधरा दिवसांनी बोनेट उघडून बघितलेलं बरं.

बसवून झालं की लॅपटॉप लावून ट्यूनिंग व्हायला हवं. आधी उभ्या गाडीवर, मग रस्त्यावर. हे न करता गाडी ताब्यात दिली तर मिश्रण कोरडं राहतं. कोरडं म्हणजे गॅस कमी, हवा जास्त. त्याने इंजिन तापतं, व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, अन् मागे फटाका फुटल्यासारखे आवाज येतात. वर्षभरात इंजिन उघडायची पाळी आली की 'गॅसने इंजिन खाल्लं' असं म्हणतात. खाल्लं ते न केलेल्या ट्यूनिंगने.

जुगाडात काय गळतं

मान्यताप्राप्त किट, टाकी, मजुरी, आरटीओची नोंद, विम्यातला बदल असं सगळं धरलं तर खर्च पाच आकड्यांत जातो. ज्याच्या व्हॅनची किंमतच लाखाच्या आत आहे, तो यातलं काय काय वगळता येईल ते बघतो. आधी नोंद वगळली जाते. मग नवी टाकी, कारण भंगारातली स्वस्त मिळते. मग डबा. शेवटी उरतं ते एक रेग्युलेटर, एक नळी अन् इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी केलेलं भोक.

याहून वाईट प्रकार बाहेरून दिसत नाही. गाडीत डबा आहे, पण तो बिघडलाय. नवा घ्यायला पैसे नाहीत किंवा तालुक्यात मिळत नाही. मग कुणीतरी सोलेनॉइडची तार काढून थेट चावीच्या लाइनला जोडून देतो. गाडी धावते. मालक खूश. पण आता चावी चालू आहे तोवर गॅसचा दरवाजा उघडा आहे. इंजिन चालू असो, बंद असो की गाडी उलटी पडलेली असो. आतल्या दहा-बारा प्रवाशांना याचा पत्ता नसतो. अशी तार बदललेली आहे का, हे तपासायला सोपं आहे. गाडी गॅसवर चालू असताना इंजिन कसंही बंद पाडायचं, चावी मात्र चालूच ठेवायची. दोन-चार सेकंदांत सोलेनॉइडचा 'टक्' असा बंद होण्याचा आवाज यायला हवा. आला नाही तर गाडी पेट्रोलवर घेऊन सरळ फिटरकडे न्यावी.

सगळ्यात धोकादायक म्हणजे स्वयंपाकाचा लाल सिलिंडरच मागच्या सीटमागे ठेवून जोडणं. 14.2 किलोचा तो सिलिंडर घरात एका जागी उभा राहण्यासाठी बनलाय, गाडीत हिंदकळण्यासाठी नाही. गाडीच्या टाकीवर अनेक कामं करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो टाकी 80 टक्के भरली की भरणं आपोआप थांबवतो, नळी तुटून गॅस एकदम धावू लागला तर अडवतो, दाब फार वाढला तर थोडा गॅस बाहेर सोडतो, अन् तो गॅसही गाडीच्या आत न जाता नळीने बाहेर जाईल अशी सोय असते. घरगुती सिलिंडरला गाडीतली ही व्यवस्था नसते.

हे 80 टक्क्यांचं प्रकरण आपल्या भागात जास्त महत्त्वाचं. द्रव गॅस उन्हात फुगतो, अन् पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी फुगतो. वरची वीस टक्के जागा त्या फुगण्यासाठी मोकळी ठेवलेली असते. पहाटे गारव्यात काठोकाठ भरलेली टाकी दुपारी बाजारात उन्हात उभी राहिली, की आतल्या द्रवाला जागाच उरत नाही. छोट्या मोटारीने सिलिंडरमधून गॅस ओढून भरणारा 'फुल्ल करून देतो' म्हणतो, तेव्हा तो नेमकी हीच जागा भरत असतो. ज्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडलेला आहे किंवा मुद्दाम काढलेला आहे, तिला अडवणारं काही राहत नाही.

अन् गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही. गाडीच्या फरशीवर, नालीत, खोलगट जागेत साचून राहतो. एक लिटर द्रवाची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. बंद शेडमध्ये मोटारीच्या स्विचची एक ठिणगी पुरते. कायदेशीर पंपावर म्हणूनच इंजिन बंद करायला लावतात, प्रवासी खाली उतरवतात, अन् गाडी नळीसकट निघून गेली तरी गॅस सांडणार नाही असा जोड असतो. अवैध ठिकाणी मात्र घाईमुळे सवारी गाडीतच बसलेली असते.

पंप कुठाय?

इथवर सगळा दोष मालक अन् फिटर यांचा वाटतो. तसा तो आहेच. पण चोपडा, पारोळा, जामनेरसारख्या तालुक्यातल्या चालकाच्या बाजूने एकदा बघायला हवं. कायदा सांगतो, गॅस फक्त ऑटो एलपीजीच्या अधिकृत पंपावर भरा. बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी तसा पंप नाही. महामार्गालगत सीएनजीच्या पाट्या वाढताहेत, देशात सीएनजीची केंद्रं हजारोंनी झाली. ऑटो एलपीजी मात्र मागे पडलं. नव्या गाड्यांत कंपनीकडून एलपीजी मिळणं जवळपास थांबलं, म्हणून नवे पंप निघत नाहीत. पंप नाहीत म्हणून कुणी रीतसर गाडी घेत नाही. मधल्या मध्ये जुन्या व्हॅन उरल्या अन् त्यांच्यासाठी उरला गल्लीतला मोटारवाला.

त्यात कराची गंमत. घरगुती सिलिंडरवर जीएसटी 5 टक्के, ऑटो एलपीजीवर 18 टक्के. गॅस जवळपास तोच, प्रोपेन अन् ब्युटेनचं मिश्रण. चुलीसाठी घेतला तर स्वस्त, गाडीसाठी घेतला तर महाग, हा धोरणाचा भाग समजण्यासारखा आहे, कारण घरच्या चुलीला सवलत हवीच. पण या फरकातून काळ्या बाजाराला कायमचा पगार सुरू झालाय. उज्ज्वलाच्या लाभार्थ्याला सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान मिळतं. तरी ज्या घरी सिलिंडर भरायला एकरकमी पैसे नसतात, तिथल्या कार्डावर दुसराच कुणी सिलिंडर उचलतो. डिलिव्हरीच्या वेळी मोबाइलवर येणारा कोड द्यायचा नियम आहे, पण कोड फोनवरून सांगायला किती वेळ लागतो? घरातली बाई पुन्हा काट्याकुट्यांवर स्वयंपाक करते अन् तिच्या नावचा गॅस रस्त्यावर जळतो. या व्यवहारात सगळ्यात जास्त तोटा तिचाच आहे, अन् धाडीच्या बातमीत तिचा उल्लेखही नसतो.

शासनाच्या बाजूने बघितलं तर प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे. सिलिंडर पुरवठा विभागाचा. गाडी आरटीओची. गुन्हा पोलिसांचा. किटला मान्यता देणारी एआरएआय ही संस्था पुण्याला. टाक्या अन् सिलिंडरच्या सुरक्षेचे नियम बघणाऱ्या पेसो या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपूरला. दोन्ही संस्था महाराष्ट्रातच असूनही तालुक्याच्या फिटरपर्यंत त्यांचं काही पोहोचत नाही. तिथे काम शिकतात ते दुसऱ्याचं बघून. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला येणाऱ्या पोरांना गॅस किट अन् त्याची वायरिंग नीट शिकवली, अन् तालुक्याला निदान एका फिटरला रीतसर अधिकृत करून घेतलं, तर निम्मा जुगाड आपोआप कमी होईल. उरलेल्या निम्म्यासाठी तेल कंपन्यांनी तालुक्यात एखादा तरी पंप द्यावा किंवा जुन्या व्हॅनवाल्यांना सीएनजीकडे जाण्यासाठी स्वस्तात हप्त्याची सोय व्हावी. नुसत्या धाडींनी हे थांबायचं असतं तर आतापर्यंत थांबलं असतं.

सीएनजीचं नाव निघालं म्हणून एक खुलासा. 'एलपीजीचं किट आहेच, त्यातच सीएनजी भरू' असं कुणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवावं. सीएनजीची टाकी सुमारे दोनशे बार दाब सोसते, एलपीजीच्या टाकीतला दाब त्याच्या पासंगालाही पुरत नाही. टाकी, नळी, रिड्युसर सगळं वेगळं लागतं. डब्याचं सेटिंगही नव्याने.

कागद बघितल्याशिवाय व्हॅन घेऊ नका

जुनी व्हॅन घेताना लोक टायर बघतात, पत्रा ठोकून बघतात. गॅसची नोंद बघत नाहीत. मोबाइलवर एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते दिसतं. गाडीत टाकी आहे अन् रकान्यात नुसतं 'पेट्रोल' आहे, तर ते किट कागदावर अस्तित्वातच नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 ला झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घरगुती गॅस गाडीत वापरला तर अत्यावश्यक वस्तू कायदा लागतो. त्यात शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. दंड भरून सुटणारं हे प्रकरण नाही.

टाकीवर कोरलेला नंबर अन् पुढच्या चाचणीची तारीख बघावी. ती खरवडलेली असेल तर टाकी भंगारातली समजावी. ईसीयू अन् रिड्युसरवरही मान्यतेचा क्रमांक असतो, तो किटच्या प्रमाणपत्राशी जुळायला हवा. बीएस-6 गाड्यांत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांत बाहेरून किट बसवायला केंद्राने 2022 मध्ये रीतसर परवानगी दिली, पण त्या त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलंच किट चालतं. दुसऱ्या गाडीचा काढलेला डबा आपल्या गाडीत बसवणं त्यात बसत नाही.

विम्याचं लोक हमखास विसरतात. किटची नोंद पॉलिसीत करायला थर्ड पार्टीपोटी वर्षाला जेमतेम 60 रुपये जास्तीचे लागतात, अन् गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर असेल तर किटच्या किमतीच्या 4 टक्के. हे वाचवायला गेलेल्या माणसाची गाडी जळाली की कंपनी पहिला प्रश्न किटचाच विचारते, अन् दावा तिथेच अडकतो.

शाळेच्या व्हॅनमध्ये पोरगं पाठवणाऱ्या घराने सकाळी एकदा मागचं दार उघडायला सांगावं. टाकी दिसली तर आरसी मागावी. लाल सिलिंडर दिसला तर पोराला त्या गाडीत बसवू नये, मग चालक कितीही ओळखीचा असो. आपल्याकडे ओळखीमुळे तोंड उघडत नाही, ही खरी अडचण. चालक भाऊबंदांतला असतो, पुतण्याच्या वर्गातला असतो. पण विचारणारी चार घरं झाली तर तोही किट नीट करून घेतो, कारण त्याची रोजी त्याच सवारीवर आहे.

प्रवासात गॅसचा वास आला तर लाज धरू नये, गाडी लगेच थांबवायला लावावी. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणूनच तो घातलेला असतो. इंजिन बंद, चावी काढलेली, सगळी दारं उघडी, माणसं वाऱ्याच्या उलट दिशेला लांब. बिडी-काडी नको, अन् गाडीजवळ उभं राहून मोबाइलही नको. टाकीच्या व्हॉल्व्हवर हाताने फिरवायची चावी असते, ती बंद करता आली तर करावी. गाडी पुन्हा सुरू करून बघायची नाही, हलवायचीच असेल तर ढकलत न्यायची. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, अन् 112 वर पोलीस, अग्निशमन दोन्हीकडे निरोप जातो.